वरचा वॉल

“शिंत्रो झालंस काय रे?”

क्रेनवरच्या माणसाने चुकीचा दोर ओढला होता. बर्फाचा डबा टाकीतून सरळ वर यायच्या ऐवजी आडवा झुलला आणि खालच्या दोघांनी उड्या मारून अंग वाचवलं. त्यावर कुणीतरी हे ओरडलं आणि सगळे हसले. क्रेनवरचाही हसला.

मी वहीत लिहिलं : क्रेनचा दोर जुना, बदलणे.

“आमच्याकडची म्हण आहे ती, मॅडम,” केळुसकर अण्णा म्हणाले. कारखाना त्यांचा. सदुसष्ट वर्षांचे, ताठ, पांढरा सदरा, खिशाला पेन. “पूर्वी एक माणूस होता इथे कामाला. घाटावरचा. भर वादळात गॅसच्या नळीवरचा नको तो वॉल बंद करून बसला. स्वतः गेला तो गेला, वर सहा महिने कारखाना बंद पाडून गेला. तेव्हापासून कोणी गाढवपणा केला की पोरं म्हणतात, शिंत्रो झालास.”

“नाव काय त्यांचं?”

“शिंत्रेच. पहिलं नाव आता आठवत नाही.”

यशवंत. यशवंत बापू शिंत्रे, वय एकावन्न. मी वहीचं पान उलटलं. लग्नानंतर मी निर्मला ओक झाले होते आणि पुण्याच्या ज्या कंपनीतून आले होते तिच्या पत्रावर तेवढंच नाव होतं.

मी तिथे गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. अरबी समुद्रात वादळ उठलं होतं आणि चार दिवसांत ते कातळबंदरावरून जाईल असा अंदाज होता. बंदरात तीन नंबरचा बावटा चढला होता. खोल समुद्रातल्या साठेक होड्या मासळी भरून परत फिरल्या होत्या. घाट बंद झाला की ट्रक निघणार नाहीत, वीज किती दिवस जाईल याचा भरवसा नाही, म्हणजे ती सगळी मासळी बंदरातच पडून राहणार. ती टिकवायची तर बर्फ हवा, आणि पंचवीस मैलांत बर्फाचा कारखाना हा एकच. पण या कारखान्यात अमोनिया असतो. तिथले लोक त्याला नुसता ‘गॅस’ म्हणतात. वादळात तो फुटला तर खालची वाडी गुदमरून मरेल. म्हणून तहसीलदारांनी कळवलं होतं : वादळातही कारखाना कसा चालू ठेवणार याचा आराखडा करा, बाहेरच्या जाणकाराची सही घ्या. सही नसेल तर गॅस काढून कारखाना बंद करा.

आराखडे करणं हे माझं काम. कातळबंदरचं काम कंपनीत कुणालाच नको होतं. मी ते मागून घेतलं. सही करायला मी आले नव्हते. नकार द्यायला आले होते.

वडील तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये चौदा वर्षं गॅसवर होते. ते बंद पडलं तेव्हा इथली नोकरी धरली. जेमतेम चार महिने झाले होते. तेव्हाच्या वादळाच्या दिवशी फोरमन मुलीच्या लग्नाला गेलेला, बाकीच्यांना घरी पाठवलेलं, पाळीवर ते एकटे. एका नळीतून गॅस गळायला लागला, तेव्हा त्यांनी छतावरचा वॉल बंद केला. कॉम्प्रेसर चालू असताना तो वॉल बंद करणं म्हणजे उकळत्या भांड्याचं झाकण वरून दाबून धरण्यासारखं आहे. दाब वाढला आणि छतावरचा जोड त्यांच्या तोंडासमोर फुटला. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘मयत कामगाराने स्वतःच्या हलगर्जीपणाने चुकीचा वॉल हाताळला.’ मी तेव्हा वीस वर्षांची होते, कातळबंदरला आले तेव्हा एकतीसची. आईला त्यांचं तोंड पाहू दिलं नाही. तो कागद मात्र तिच्या हातात दिला.

चौदा वर्षं गॅसवर काढलेला माणूस कॉम्प्रेसर चालू असताना तो वॉल बंद करणार नाही. हे मला कळत होतं, आईला कळत होतं, पण कळण्याला पुरावा नव्हता. कुणी सांगितल्याशिवाय बाबांनी ते केलं नसतं. आणि सांगणारा कुणी नव्हताच, असं केळुसकरांनी शपथेवर सांगितलं होतं. घरातून कारखान्यात फोनची खासगी तार होती, पण ती वादळात आधीच तुटली होती, असा त्यांचा जबाब. आई गेली त्या वर्षीही तो कागद तिच्या उशाखाली होता.

तर पहिला दिवस मी चुका शोधण्यात घालवला. सापडल्या त्या बऱ्याचशा किरकोळ. जनरेटर जमिनीलगत होता, तो चौथऱ्यावर चढवायला सांगितला. छताच्या पत्र्यांना तारा मारायला सांगितल्या. पाण्याच्या टाक्या भरून घ्या, ओली गोणपाटं दाराशी ठेवा, चार दिवसांचं डिझेल आणा. अण्णा प्रत्येक गोष्टीला “होऊन जाईल” म्हणत आणि ती खरोखरच होऊन जाई. माणूस कामाचा होता. मला ते आवडलं नाही.

एक गोष्ट मी लिहिली नाही. मुख्य यंत्रघरात जमिनीजवळ दोन वॉल शेजारी शेजारी होते, एक डोंगराच्या बाजूला, एक दर्याच्या. डोंगराकडच्या वॉलचं पॅकिंग झिजलं होतं. दांड्याभोवतीचा तो काळा दोर असतो, गॅस आत धरून ठेवणारा, तो. ही चूक मी नकारासाठी राखून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रंगीत तालीम होती.

मोबाइलचे मनोरे वादळात सगळ्यात आधी पडतात, म्हणून घर ते कारखाना ही जुनी तार आराखड्यात घेतली होती. अण्णांचं घर चढावर, कारखान्याच्या थेट डोक्यावर. पडवीतून कारखान्याचं सगळं छत दिसायचं. अण्णा म्हणाले, हुकूम इथूनच देईन, मला इथून सगळं दिसतं. मी म्हटलं, द्या. मी घड्याळ घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. खाली यंत्रघरात एका जोडीदाराबरोबर बिरुदेव खरात होता, जतकडचा, चाळिशीचा, दोन महिन्यांपूर्वी लागलेला. त्याला सांगून ठेवलं होतं : चाक फिरवायचं नाही. मालक सांगतील त्या वॉलला फक्त लाल फडकं बांधायचं.

अण्णांची बायको मालतीकाकी चहा घेऊन आल्या आणि ट्रे हातात धरून तशाच थांबल्या.

मी घड्याळ चालू केलं. “टाकीकडच्या नळीला गळती आहे. कॉम्प्रेसर चालू आहे. द्या हुकूम.”

अण्णांनी फोन उचलला. “बिरू, टाकीकडची नळी गळतेय. वरचा वॉल बंद कर.”

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. “वरचा?”

“होय रे, वरचा! लवकर!”

“वरचाच न्हवं, मालक?”

“अरे वरचा, वरचा! किती वेळा सांगू?”

खाली यंत्रघराचं दार उघडलं. बिरू बाहेर आला, भिंतीला लावलेल्या लोखंडी शिडीला हात घातला आणि भराभर चढू लागला. छतावर पोचला, वाकला, आणि तिथल्या वॉलला त्याने लाल फडकं बांधलं. ते वाऱ्यावर फडफडायला लागलं.

“हो मेलो खंय चढता?” अण्णा कठड्यावर वाकून ओरडले. “वरचो म्हटलंय ना!”

“तेव्हा पण असोच चढललो तो,” मालतीकाकी म्हणाल्या.

त्या हळू बोलल्या. घड्याळ माझ्या हातात चालूच होतं.

“वरचा म्हणजे कुठला, अण्णा?” मी विचारलं.

“डोंगराकडचा. आणि दर्याकडचा तो खालचा. कातळबंदरात कुणालाही विचारा, डोंगराकडे ते वर, दर्याकडे ते खाली. घरात ताट मांडताना पण आम्ही…” ते थांबले.

“ते दोन्ही वॉल एका उंचीवर आहेत. घाटावरच्या माणसाने वरचा म्हणजे कुठला समजायचा?”

अण्णांनी खाली छताकडे पाहिलं. फोन त्यांच्या हातातच होता आणि त्यातून बिरूचा बारीक आवाज येत होता, “मालक, बांधलं वं. उतरू का?” छतावर त्याने मोबाइल कानाला लावला होता, तो खाली यंत्रघरातल्या जोडीदाराशी बोलत होता आणि जोडीदार फोनच्या तोंडाशी मोबाइल धरून असणार. एरवी मला हसू आलं असतं.

मला बाबा आठवले. दर रविवारी बूथवरून फोन करायचे. एकदा हसत म्हणाले होते, “निमे, हितली मानसं गोड हैत, पर वर जाऊन या म्हनत्यात आन् सपाट रस्त्यानं चालाय लावत्यात.” इतकी वर्षं ते वाक्य माझ्याजवळ होतं. मी ते गंमत म्हणून जपलं होतं.

“तार तुटली होती, असं तुम्ही चौकशीत सांगितलंत,” मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही कोण?”

“यशवंत शिंत्र्यांची मुलगी. पहिलं नाव तुम्हाला आठवत नव्हतं.”

ते खुर्चीत बसले.

“त्येनी दोनदा इचारल्यान,” मालतीकाकी म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. “वरचो? वरचोच ना? आणि ह्यांनी दोनदा तांच सांगितल्यानी. मी हयच उभी होतंय.”

“तू गप ऱ्हव.”

“गपच आसय.”

“चूक झाली,” अण्णा मला म्हणाले. “मुद्दाम नाही केलं. देवाशपथ. तो चढताना मी बघितला, ओरडलो, पण वाऱ्यात ऐकू जाईना. फोन करत राहिलो, घेणार कोण? तो छतावर.”

“ती चूक मी कदाचित पोटात घातली असती,” मी म्हणाले. “तार तुटली होती, हेही चुकून सांगितलंत?”

त्यांनी बंदराकडे बोट दाखवलं. मग खालच्या आवाजात, “उद्या संध्याकाळपर्यंत साठ होड्या लागतील. बर्फ नसला तर सगळं बंदर कुजेल. तुम्ही सही नाही केलीत तर ती शिक्षा मला नाही, त्यांना.”

“मला माहीत आहे.”

मी वही मिटली आणि खाली गेले. दुपारपर्यंत त्यांना काही सांगितलं नाही. जेटीवर एका दगडावर बसून राहिले. पहिल्या होड्या येत होत्या, बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, कुणीतरी ओरडून विचारत होतं, कारखानो चालू ऱ्हवतलो मा? अण्णा दोनदा चढावरून खाली आले, मला लांबून पाहिलं आणि परत गेले. तो वेळ मला गोड लागला. ते लपवण्यात अर्थ नाही.

तीनच्या सुमाराला मी त्यांच्यासमोर एक कोरा कागद ठेवला. आराखड्यात एक पान असतं, मागील अपघात व त्याची कारणे.

“हे भरा. तुमच्या हाताने.”

त्यांनी लिहिलं. मी वाचलं : ‘संभाषणातील गैरसमजामुळे कामगाराकडून…’ मी कागद फाडला.

दुसऱ्यात लिहिलं, ‘बोलीभाषेतील फरकामुळे…’ तोही फाडला.

“मी सांगते तसं लिहा. मी, वासुदेव केळुसकर. मी घरातून फोन केला. तार शाबूत होती.”

पेन चालत होतं.

“मी ‘वरचा वॉल’ म्हणालो. यशवंत शिंत्रे यांनी दोनदा विचारलं.”

“दोनदा कशाला लिहायचं?” त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. “एकदा पुरे नाही का?”

“दोनदा.”

त्यांनी लिहिलं. मी पुढचं सांगितलं, मी दोनदा तेच उत्तर दिलं, चौकशीत मी खोटा जबाब दिला, शिंत्रे यांची कोणतीही चूक नव्हती. सही झाली. साक्षीदाराच्या जागी मालतीकाकींनी पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर सुटं लिहीत पूर्ण नाव घातलं.

“झालं आता?” अण्णांनी विचारलं.

“नाही. कामगारांना वाचून दाखवा.”

यंत्रघरासमोर वीसेक माणसं जमली. अण्णांनी कागद वाचला. सुरुवातीला आवाज मालकाचा होता, ‘दोनदा’ शब्दाशी तो गेला, आणि उरलेलं मागच्या रांगेला ऐकूच आलं नाही. “मोठ्यान वाचा,” कुणीतरी म्हणालं. त्यांनी परत वाचलं. क्रेनवरचा माणूस मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. म्हातारा फोरमन पुढे आला. मुलीच्या लग्नाला गेलेला तोच.

“अण्णा,” तो म्हणाला, “मगे इतकी वर्सां आमका त्येच्यार हसयलात कित्याक?”

अण्णांनी कागदाची घडी घातली. मला वाटलं होतं, हे ऐकून माझं मन भरेल. भरलं नाही. भूक वाढावी तसं झालं.

मी वादळाच्या दिवसाची पाळी लिहायला घेतली. फोनवरून हुकूम नाही. वॉलना वर-खाली म्हणायचं नाही, आकडे रंगवायचे. जनरेटरवर बिरू, हाकेच्या अंतरावर. यंत्रघरात, डोंगराकडच्या वॉलपाशी, जातीने : वासुदेव केळुसकर.

त्यांनी ते वाचलं. “माझं वय सदुसष्ट आहे, मॅडम.”

“बाबांचं एकावन्न होतं.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर सही नाही.”

त्यांनी बाहेर पाहिलं. जेटीवर होड्यांची गर्दी वाढत होती. “असू दे,” ते म्हणाले. “उभा राहीन.”

वादळाच्या आदल्या दुपारी सगळं तयार होतं. पत्र्यांना तारा बसल्या होत्या, वाळूची पोती रचली होती, वाडीतली म्हातारी माणसं वरच्या शाळेत नेली होती. वॉलवर बिरूने पांढऱ्या रंगाने मोठाले आकडे काढले होते. तो ब्रश पुसत माझ्याकडे आला.

“मॅडम, ह्या एक नंबरचं पॅकिंग झिजलंय. आजच्याला टिकंल. उद्याचं काय सांगावं? बदलायचं म्हटलं तर गॅस ओढून घ्यावा लागतोय, दोन तास जात्यात. तुमच्या यादीत न्हाई, म्हनून इचारतो.”

एक नंबर म्हणजे डोंगराकडचा. उद्या सकाळपासून अण्णा ज्याच्यापाशी उभे राहणार होते तो.

मी यादी उघडली. ती मीच केली होती, तरी वरपासून खालपर्यंत वाचली. बिरू उभा होता. यंत्रघराच्या आत अण्णा गोणपाटं भिजवून बघत होते, तोंडाशी धरत होते, पुन्हा भिजवत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. सदरा मळला होता. “वादळानंतर बघू,” एवढं म्हणायचं होतं. चुकीचं कुणी म्हटलं नसतं. आजच्याला टिकेल, असं बिरूच म्हणाला होता.

“मॅडम?”

“बाबा असते तर काय केलं असतं,” असा विचार मी केला असं लिहिलं तर ते बरं दिसेल. मी तो केला नाही. मला फक्त ते पॅकिंग दिसत होतं, काळं, तुसं निघालेलं, आणि ते तसंच ठेवलेलं हातांना सहन होत नव्हतं.

“बदला,” मी म्हणाले. यादीत लिहून घेतलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी नऊला वारा सुटला. अकराला समोरची माडाची झाडं जमिनीला टेकायला लागली. वीज गेली आणि क्षणभरात जनरेटरची घरघर पायांखाली जाणवली. मी अण्णांच्या पडवीत बसले होते, त्यांच्याच खुर्चीत. पावसाच्या झोताबरोबर कारखान्याचं छत दिसे, नाहीसं होई, पुन्हा दिसे. शिडी भिंतीवर आपटत होती. मी त्या छताकडे बघत होते. पत्रा उडताना बघायचा नव्हता. यंत्रघराचं दार उघडावं, एक म्हातारा माणूस डोळे धरून बाहेर यावा, धडपडावा, कुणाला तरी हाक मारावी आणि ती वाऱ्यात कुणाला ऐकू जाऊ नये. ते बघायला मी बसले होते. वादळाच्या वासातून, ओल्या मातीच्या, मोडलेल्या माडांच्या, मी तो एकच वास हुंगून काढत होते. तिखट, नाकात सुई घालणारा. बाबांच्या कपड्यांना यायचा तो.

मालतीकाकी आतून आल्या आणि खाली जमिनीवर, माझ्या पायांशी बसल्या. त्याही छताकडे बघायला लागल्या.

“वासाची वाट बघतंस गो?” त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलले नाही. “हो.”

त्यांनी छतावरची नजर काढली नाही. दोन्ही हात गुडघ्यांभोवती घट्ट धरले होते. 

“मी अकरा वर्सां बघतंय,” त्या म्हणाल्या.

दुपारी चारला वारा पडला. वास आला नाही. आराखड्यात मी एकही चूक ठेवली नव्हती.